शंभरावा नग : शर्यतीच्या सुट्या भागांच्या अभ्यासाची प्रस्तावना

मोटार शर्यतीत करंडक चालकाच्या हाती जातो आणि नाव गाडी बनवणाऱ्या कंपनीचे होते. शर्यत संपल्यावर तीच गाडी उघडून कुठला भाग किती झिजला, कुठे तडा गेला, कुठला बोल्ट ढिला झाला हे पाहणारा मेकॅनिक बातमीत येत नाही. पण त्याने जे पाहिले, त्यातून जगात एक उद्योग उभा राहिला आहे. शर्यतीचे गिअर, पिस्टन, शॉक ॲब्सॉर्बर, सायलेन्सर बनवणाऱ्या आजच्या नामांकित कारखान्यांपैकी कितीतरी एखाद्या गॅरेजात किंवा दोन-तीन लेथच्या शेडमध्ये सुरू झाले. दुरुस्ती करणारा माणूस निर्माता कसा होतो, त्याला काय शिकावे लागते आणि काय सोडून द्यावे लागते, हा या पुस्तकाचा विषय आहे. या विषयात वाचकाचे मनापासून स्वागत करावे आणि पुढची वाट थोडी दाखवावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

विषय तीन शाखांच्या सांध्यावर आहे. भाग का तुटतो हे धातुशास्त्र सांगते. तो पुन्हा तसाच कसा बनवायचा हे उत्पादन अभियांत्रिकी सांगते. बनवलेला भाग कोणाला, किती आणि कोणत्या भावाने विकायचा हे व्यापार शिकवतो. महाविद्यालयांत या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या खोल्यांत शिकवल्या जातात. शर्यतीच्या मेकॅनिकपुढे मात्र त्या एकाच रात्री, एकाच टेबलावर येऊन पडतात. म्हणूनच या क्षेत्रात आयटीआयच्या फिटरला आणि पदवीधर अभियंत्याला सारखाच प्रवेश आहे, आणि दोघांनाही एकमेकांकडून शिकण्यासारखे बरेच आहे.

हे लेखन कपिलधारला बसून झाले, हे सांगायला कारण आहे. बीडच्या दक्षिणेला, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या कुशीतले हे ठिकाण धबधब्यासाठी आणि मन्मथस्वामींच्या समाधीसाठी ओळखले जाते. इथे शर्यतीचा ट्रॅक नाही आणि मोटारीचा कारखानाही नाही. पण धुळे–सोलापूर महामार्ग जवळून जातो आणि ऊसतोडीचा हंगाम आला की ट्रॅक्टर आणि त्यांच्या ट्रॉल्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. रस्त्याकडेच्या गॅरेजात हब, स्टब ॲक्सल, ड्रॉबारच्या पिना, बेअरिंगे यांची कामे चालतात. ज्या भागावर नेमलेल्या मापापेक्षा जास्त भार पडतो आणि जो पुन्हा पुन्हा तुटतो, त्याच्याशी आमच्या मेकॅनिकची रोजची ओळख आहे. शर्यतीचे शास्त्र नेमके तिथूनच सुरू होते.

तुटलेला ॲक्सल हातात घेऊन पाहा. तुटीच्या तोंडावर बहुधा दोन वेगळे पृष्ठभाग दिसतात. एक गुळगुळीत, त्यावर शिंपल्याच्या पाठीसारख्या एकाआड एक वक्र रेषा. दुसरा खरबरीत, दाणेदार, नुकताच फाटल्यासारखा. गुळगुळीत भाग तडा हळूहळू पुढे सरकल्याची खूण आहे. गाडी चालत होती, भार पडत आणि उतरत होता आणि तडा थोडा थोडा आत जात होता. उरलेल्या धातूला भार पेलेनासा झाला, तेव्हा शेवटचा दाणेदार भाग एका झटक्यात गेला. दाणेदार भाग लहान असेल तर भार बेताचा होता आणि तड्याला वाढायला वेळ मिळाला. तो मोठा असेल तर भारच जबर होता. वक्र रेषा उलट दिशेने शोधत गेले की त्यांचा उगम सापडतो. तिथे बहुतेक वेळा चावीच्या खाचेचा धारदार कोपरा असतो, किंवा व्यास बदलतो तिथली काटकोनी पायरी, लेथच्या टूलने सोडलेला ओरखडा, नाहीतर वेल्डिंगची कड.

या प्रकाराला धातूची थकावट म्हणतात. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वेचा मोठा अपघात झाला, त्यामागे इंजिनाचा तुटलेला ॲक्सल होता. पुढे प्रशियाच्या रेल्वेतले अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी १८५० ते १८७० च्या दरम्यान ॲक्सलवर पद्धतशीर प्रयोग केले आणि दाखवून दिले की एका झटक्यात तोडायला लागणाऱ्या भारापेक्षा पुष्कळ कमी भारही लाखो वेळा पडला तर लोखंड तुटते. आजचा प्रत्येक शर्यतीचा गिअर, रॉड आणि हब व्होलरांच्या त्या कामाच्या खांद्यावर उभा आहे. गॅरेजात भाग तुटला की पुढच्या वेळी जाड टाकायचा, हा सर्रास उपाय असतो. जाडी वाढवली आणि कोपरा धारदारच ठेवला, तर तडा पुन्हा तिथूनच निघतो आणि गाडीचे वजन मात्र वाढते. कोपऱ्याला नीट गोलाई दिली, पृष्ठभाग साफ केला आणि योग्य हीट ट्रीटमेंट केली, तर तोच भाग तेवढ्याच वजनात जास्त काळ टिकू शकतो. हा फरक ज्याला कळला, त्याने या क्षेत्राचा उंबरठा ओलांडला.

मेकॅनिकचा निर्माता झाल्याचे एक ठळक उदाहरण म्हणजे आल्फ फ्रान्सिस. मूळचे पोलंडचे फ्रान्सिस इंग्लंडमध्ये स्टर्लिंग मॉस यांचे मेकॅनिक म्हणून गाजले. १९५८ च्या जानेवारीत अर्जेंटिनात मॉस यांनी रॉब वॉकर यांच्या संघाची छोटी कूपर गाडी टायर न बदलता शेवटपर्यंत नेली आणि जागतिक स्पर्धेत मागे इंजिन असलेल्या गाडीला पहिला विजय मिळवून दिला. पुढच्या वर्षी त्या संघाने इटलीच्या मोडेना शहरातले व्हॅलेरिओ कोलोटी यांचा गिअरबॉक्स वापरला. मोनॅको आणि नेदरलँड्समधल्या झांडफोर्ट या दोन्ही शर्यतींत मॉस आघाडीवर असताना गाडी थांबली. पोर्तुगाल आणि इटलीत संघ जिंकला. पण अमेरिकेतल्या शेवटच्या शर्यतीत पुन्हा गिअरबॉक्सने दगा दिला आणि जगज्जेतेपद गेले. हे सगळे पिटमध्ये उभे राहून पाहिलेले फ्रान्सिस पुढे त्याच कोलोटींबरोबर मोडेनात गिअरबॉक्स बनवू लागले. ज्या भागाने सर्वांत जास्त त्रास दिला, त्याचेच काम त्यांनी हाती घेतले. १९६३ मध्ये इंडियानापोलिसला जिम क्लार्क दुसरे आले, त्या लोटसमध्ये कोलोटीचा गिअरबॉक्स होता. १९६४ च्या ले मांला फोर्डच्या नव्या जीटी गाड्यांतही तोच होता. तिथे तीनपैकी दोन गाड्या गिअरबॉक्समुळे बाद झाल्या आणि फोर्डने नंतर दुसऱ्या गिअरबॉक्सचा आधार घेतला. भाग चांगला असणे वेगळे आणि प्रत्येक वेळी, प्रत्येक गाडीत, वाढलेल्या ताकदीलाही पुरा पडणे वेगळे, हे या उदाहरणातून फार स्पष्ट दिसते.

त्याच काळात इंग्लंडमधल्या मेडनहेड गावात दुसरी वाट तयार होत होती. माइक ह्युलँड यांनी १९५७ मध्ये तिथे छोटी यंत्रशाळा सुरू केली होती. कूपर गाड्या पळवणाऱ्या एका संघाचे मुख्य मेकॅनिक बॉब गिब्सन-जार्व्ही गिअरबॉक्सची तक्रार घेऊन त्यांच्याकडे आले. ह्युलँड यांनी १९५९ मध्ये त्यांना सहा गिअरबॉक्स करून दिले आणि ते चालले. त्यानंतर त्यांनी फोक्सवॅगन बीटलचा सहज मिळणारा गिअरबॉक्स पाया म्हणून घेतला आणि त्यात शर्यतीचे गिअर बसवत नेले. नवे सगळेच घडवण्याच्या भरीस न पडता, बाजारात हजारोंनी तयार होणाऱ्या कवचाचा फायदा घेतला. पुढे कित्येक वर्षे शर्यतीच्या गाड्यांच्या मागच्या बाजूला ह्युलँडचे नाव दिसत राहिले. या गोष्टीत दोन माणसे आहेत आणि दोघेही तितकेच महत्त्वाचे: नेमका प्रश्न विचारता येणारा मेकॅनिक आणि त्याचे उत्तर मापात बसवता येणारा यंत्रशाळेचा मालक. आपल्या भागात पहिला पुष्कळ सापडतो. दुसऱ्याशी त्याची गाठ घालून देणे, हे या लेखनाचे एक उद्दिष्ट आहे.

आता या क्षेत्राच्या गाभ्याकडे येऊ. दुरुस्ती एका नगाची असते. उत्पादनाची परीक्षा शंभराव्या नगावर होते. गॅरेजात बेअरिंग शाफ्टवर बसत नसेल तर पॉलिश पेपर मारतात, ढिले होत असेल तर पंच मारून पृष्ठभाग उठवतात. तो शाफ्ट आणि ते बेअरिंग यांची जोडी जमते आणि गाडी निघते. कारखान्यात ४० मिलिमीटरच्या शाफ्टवर बेअरिंगच्या जागेला के ६ हे मान दिले असेल, तर व्यास ४०.००२ पेक्षा कमी आणि ४०.०१८ पेक्षा जास्त चालत नाही. सगळी मोकळीक १६ मायक्रॉनची. माणसाचा केस याच्या कित्येक पट जाड असतो. आमच्या मिस्त्रींची बोलीतली मापे अजून सुताची आहेत आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. सुतावरून मायक्रॉनवर येणे, ही या धंद्यातली सर्वांत मोठी उडी आहे. त्यासाठी मायक्रोमीटर विकत घेऊन भागत नाही. त्याचे कॅलिब्रेशन लागते, मोजताना भाग मशीनवरून उतरून थंड झालेला लागतो, आणि मोजलेला आकडा लागलीच वहीत उतरवण्याची शिस्त लागते. १०० मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा भाग दहा अंशांनी तापला तर जवळजवळ २३ मायक्रॉनने वाढतो; दुपारच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये घेतलेले माप संध्याकाळी खोटे ठरते ते यामुळेच.

नोंदीचे तेच. चांगल्या मेकॅनिकला कुठल्या गाडीला काय झाले होते हे तोंडपाठ असते. तो गॅरेज सोडून गेला की ते ज्ञानही जाते. निर्मात्याला प्रत्येक भागावर क्रमांक लागतो. त्या क्रमांकावरून पोलादाचा हीट नंबर (म्हणजे ते कुठल्या ओतातले), कुठल्या भट्टीत हीट ट्रीटमेंट झाली, कठीणपणा किती आला, कोणी तपासले, हे शोधता यावे लागते. शर्यतीत भाग तुटून परत आला तर तो कारखान्यासाठी सर्वांत मोलाचा पाहुणा असतो. त्याच्याबद्दल चार ओळी लिहून ठेवणारा आणि न लिहिणारा, यांच्यात पाच वर्षांत कारखाना आणि गॅरेज एवढे अंतर पडते, असे माझे ठाम मत आहे.

ही वाट मोठ्या शहरांतूनच जाते असे नाही. जपानमध्ये हिदेओ योशिमुरा यांनी १९५४ मध्ये मोटरसायकलींची इंजिने जास्त ताकदीची करून देण्याचा उद्योग सुरू केला. त्यांच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत तिथल्या तळावरचे अमेरिकी सैनिक होते. १९७८ मध्ये सुझुकाच्या पहिल्या आठ तासांच्या शर्यतीत योशिमुरांच्या छोट्या संघाने होंडाच्या कारखान्याच्या संघाला हरवले. स्वीडनचे केंथ ओहलिन मोटोक्रॉसचे स्पर्धक होते. १९७६ मध्ये त्यांनी शॉक ॲब्सॉर्बरची कंपनी काढली आणि दोनच वर्षांत त्यांच्या शॉकवर जागतिक विजेतेपद आले. स्लोव्हेनियात इगोर आक्रापोविच हे माजी शर्यतपटू १९९० मध्ये सायलेन्सर बनवू लागले. कंपनी ज्या इव्हान्चना गोरिका भागात वाढली, तो बीडपेक्षाही कितीतरी लहान आहे. या तिघांत एक समान सूत्र आहे. प्रत्येकाने एकच काम निवडले आणि त्याच्यावर वर्षानुवर्षे डोके लावले.

आपल्या मराठी मुलुखात या प्रवासाचा आद्य आदर्श शर्यतीच्या बाहेरचा आहे, तरी तो इथे आणलाच पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या तंत्रशाळेत यांत्रिक रेखाटन शिकवले आणि बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान काढले. पुढे ते कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवू लागले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. दुकानदारी, दुरुस्ती आणि निर्मिती यांच्यातला पूल त्यांनी ड्रॉइंगच्या आधारे बांधला. कागदावर रेघ ओढता येणे ही त्यांची खरी पुंजी होती.

त्यानंतर कोल्हापुरात ओतकाम आणि तेलइंजिनांचा धंदा वाढला, उद्यमनगर उभे राहिले, आणि आज त्याच परिसरात मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्या होतात. भट्टी आणि ट्रॅक एकाच जिल्ह्यात असणे हा योग देशात फार थोड्या ठिकाणी आहे. तमिळनाडूतल्या कोइमतूरला तो एस. करिवर्धन यांनी साधला. त्यांनी मारुतीचे इंजिन घेऊन भारतीय फॉर्म्युला गाड्या घडवल्या, आणि तिथला ट्रॅक आज त्यांच्याच नावाने चालतो. मराठवाड्यात १९८० च्या दशकात वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला, त्याच्याभोवती सुट्या भागांचे कारखाने वाढले. तिथेच १९८५ मध्ये सुरू झालेल्या एंड्युरन्स या सुट्या भागांच्या कंपनीने २०२० मध्ये क्लच बनवणारी अडलर आणि ब्रेक बनवणारी ग्रिमेका या इटलीतल्या दोन कंपन्या घेतल्या. छत्रपती संभाजीनगरात इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, पुण्यात १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था आहे. बीडच्या मुलाला शिकायला आणि भाग तपासून घ्यायला लागणाऱ्या जागा काही तासांच्या अंतरावर आहेत.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक दार उघडे आहे. २००७ मध्ये पीथमपूरला बाहा आणि २०११ मध्ये सुप्रा या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्पर्धा सुरू झाल्या. मुले स्वतः गाडी काढतात, वेल्ड करतात, पळवतात आणि तोडतातही. त्या गाड्यांचे हब, ब्रेकची ब्रॅकेटे, स्टिअरिंगचे सांधे जवळच्या लेथवाल्याकडेच होतात. त्या लेथवाल्याला मुलांकडून ड्रॉइंग वाचायला शिकता येईल आणि मुलांना त्याच्याकडून धातूचा स्वभाव. एवढे जमले तरी अर्धे काम झाले.

सुरक्षिततेबद्दल मात्र या क्षेत्रात सवलत नाही. गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पिंजरा, म्हणजे रोल केज, आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या (एफआयए) परिशिष्ट जे मधल्या कलम २५३ प्रमाणे करावा लागतो. नळी थंड ओढकामाची, सांधा नसलेली, साध्या कार्बन पोलादाची. तिची ताणशक्ती निदान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची, किंवा ५० व्यासाची आणि दोन जाडीची. बाजारात मिळणारी जोड असलेली फर्निचरची नळी वरून तशीच दिसते. अपघातात ती वाकण्याऐवजी जोडावर उसवू शकते. म्हणून नव्या निर्मात्याला माझा सल्ला असा, की स्पेसर, बुश, ब्रॅकेट, फूटपेग, स्प्रॉकेट अशा भागांपासून सुरुवात करा. नोंदीची सवय अंगात भिनली, तपासणीची साधने आली, की मग ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनकडे वळा. ज्या भागावर कोणाचा जीव अवलंबून आहे, तो प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय कधीही विकू नका.

धंद्याचे गणितही शर्यतीच्या स्वभावाने ठरते. मोटारींच्या कारखान्याला एकच भाग लाखोंनी लागतो, म्हणून तिथे फोर्जिंगची डाय परवडते. शर्यतीचा संघ वीस-पंचवीस नग मागतो, त्यातही मध्येच डिझाइन बदलतो; म्हणून इथे गोल सळई किंवा जाड पट्टीतून सीएनसीवर भाग कोरणे सोयीचे पडते. माल वाया जातो, पण बदल रातोरात करता येतो. संघाला स्वस्त भाग हवा असतोच. त्याहून जास्त हवा असतो तो शर्यतीआधी पोचलेला भाग. शब्द पाळणारा छोटा निर्माता मोठ्या कंपनीपुढे टिकतो तो या जोरावर. हंगामातली उधारी, जॉबवर्कचे हिशेब, रिजेक्शनचा तोटा कोणी सोसायचा, या गोष्टी शास्त्राइतक्याच महत्त्वाच्या आहेत आणि त्यांना पुढे स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत.

हे सारे मराठीत लिहावे, हा आग्रह कपिलधारने दिला. ज्यांची समाधी इथे आहे त्या मन्मथस्वामींनी वीरशैव तत्त्वज्ञान ‘परमरहस्य’ या ग्रंथातून मराठी ओवीत आणले. विद्या ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या भाषेत ती उतरली पाहिजे, ही जाण त्यामागे आहे. ज्या परंपरेतून ते आले तिने कायक, म्हणजे सचोटीने केलेले श्रम, आणि दासोह, म्हणजे कमाईतून समाजाला परत देणे, यांना धर्माचे स्थान दिले. हाताने काम करणारा माणूस ज्ञानाच्या पंक्तीत खालच्या पाटावर बसत नाही, हा त्या विचाराचा सरळ अर्थ मी घेतो. मेकॅनिकला कळलेले पुढच्या मेकॅनिकसाठी लिहून ठेवणे, हा मला दासोहच वाटतो. मराठीला तंत्रविषयक लेखनाची परंपराही आहे: नागपूरचे ‘उद्यम’ १९१९ मध्ये निघाले, ‘किर्लोस्कर खबर’ त्याच सुमारास १९२० मध्ये. ती वाट आता शर्यतीच्या शेडपर्यंत आणायची आहे.

पुस्तक कुठूनही उघडता येईल असे रचले आहे. ज्याच्या हाताला काम माहीत आहे, त्याने माप आणि नोंदीच्या प्रकरणांपासून सुरुवात करावी. ज्याने पदवी घेतली आहे, त्याने तुटलेल्या भागांच्या प्रकरणांपासून. संशोधकांसाठी इथे मोकळे रान आहे. महाराष्ट्रातल्या शर्यतीच्या मेकॅनिकांच्या आठवणी नोंदवून घ्यायच्या आहेत. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांचे ॲक्सल किती फेऱ्यांनंतर आणि नेमके कुठे तुटतात, याचा एका हंगामाचा तक्ता एखाद्या तंत्रनिकेतनाच्या वर्गाने केला, तरी तो थकावटीच्या अभ्यासाला मोठी देणगी ठरेल आणि त्यातून ट्रॉलीवाल्यांचेही भले होईल.

ज्या टर्नर, फिटर आणि वेल्डर मित्रांनी प्रश्नांना कंटाळा न करता उत्तरे दिली, आपले तुटलेले भाग सांभाळून ठेवले आणि पाहायला दिले, त्यांचे ऋण या पानापानावर आहे. वाचकाला एकच विनंती आहे. पुढचे प्रकरण उलटण्याआधी आपल्या शेडमधला एक तुटलेला भाग घ्या, त्यावर तारीख घाला, कुठल्या गाडीचा आणि कशाने गेला असावा ते लिहा, आणि शक्य असेल तर त्याचे माप काढून कागदावर रेखाटा. या शास्त्रातला तुमचा पहिला धडा तुम्ही स्वतःच लिहिलेला असेल, आणि दुसरा धडा आपण मिळून शिकू.

कपिलधार, जि. बीड
कार्तिक पौर्णिमा